सही कर म्हणणारे सगळे आपलेच असतात

मार्चच्या भिशीत यावेळी जे झालं त्याला चर्चा म्हणायची का भांडण, माहीत नाही. जुळे सोलापुरातल्या आमच्या भिशीत एरवी विषय ठरलेले असतात, कुणाच्या पोराचं लग्न जमलं, कुणाची कामवाली सोडून गेली, पाणी किती दिवसांनी आलं. यावेळी महिला दिनाचा म्हणून कुणीतरी केक आणला होता आणि तो कापता कापता एकजण सहज म्हणाली, "आता बायकांना मिळवायचं काय राहिलंय हो? एसटीला अर्ध तिकीट, लाडक्या बहिणीचे पंधराशे, पोरी बारावीला पोरांच्या पुढे, मला तर आता पोरांचीच कीव येते." दुसरी लगेच म्हणाली की तिच्या पुतण्यावर त्याच्या बायकोने चारशे अठ्ठ्याण्णव, म्हणजे सासरच्या छळाची केस टाकलीय, म्हातारे सासूसासरे पण त्यात ओढलेत, आणि हेच का तुमचं स्त्रीमुक्ती. माझी भाची पुण्याहून सुट्टीला आली होती, आयटीत आहे, ती कोपऱ्यात मोबाईल बघत बसली होती ती उठलीच एकदम. "काकू, ही इंटर्नलाइज्ड पॅट्रिआर्की आहे." म्हणजे पुरुषसत्ता बायकांच्याच डोक्यात मुरलीय, असं तिला म्हणायचं होतं. कुणाला काही कळलं नाही पण राग सगळ्यांना आला.

मी तिथे फार बोलले नाही, कारण भिशी माझ्याकडे होती आणि भजी तळायची होती. म्हणून इथे बोलते, आणि फिरून फिरून येणार आहे ती एकाच प्रश्नावर, घर आणि जमीन बाईच्या नावावर आहे का.

"काय राहिलंय" म्हणणाऱ्या बाईचं मला एका अर्थी बरोबर वाटतं. मिळालंय खूप. तिची आजी नववारीत, सही येत नव्हती म्हणून अंगठा उठवायची, आणि ही बाई स्वतःची ॲक्टिव्हा घेऊन सात रस्ता चौकातल्या भर ट्रॅफिकमधून भिशीला येते. पण हे आपोआप आलं, काळ बदलला म्हणून आलं, असं ती बोलते ना तिथे माझं डोकं फिरतं. काळ बिळ काही बदलत नसतो हो, कुणीतरी शेण अंगावर घेतं तेव्हा बदलतो. १८४८ ला भिडे वाड्यात शाळा काढली त्या सावित्रीबाईंनी ते खरोखरचं अंगावर घेतलं. हिंदू कोड बिल रखडवलं म्हणून बाबासाहेबांनी १९५१ मध्ये कायदामंत्रिपद सोडलं, राजीनाम्याची कारणं आणखी होती पण हे मोठं होतं, आणि मग १९५६ ला तुकड्यातुकड्याने का होईना वारसा कायदा आला. मथुरा नावाची आदिवासी पोरगी, १९७२, देसाईगंजच्या पोलीस चौकीत तिच्यावर बलात्कार झाला, सुप्रीम कोर्टाने दोन्ही पोलिसांना सोडलं, त्यावर कायद्याच्या चार प्राध्यापकांनी १९७९ मध्ये कोर्टाला खुलं पत्र लिहिलं आणि देशभर बायका रस्त्यावर आल्या तेव्हा कुठे १९८३ ला बलात्काराचा कायदा बदलला. भंवरीदेवी राजस्थानातल्या एका खेड्यात सरकारचंच काम करत होती, बालविवाह थांबवायला गेली म्हणून १९९२ मध्ये तिच्यावर सामूहिक अत्याचार झाला, त्यातून कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या १९९७ च्या विशाखा गाइडलाइन्स आल्या आणि त्यातून २०१३ चा कायदा. आज आमच्या ऑफिसच्या भिंतीवर अंतर्गत तक्रार समितीचा जो बोर्ड लागलाय त्याच्या मागे ती बाई आहे. बोर्डावरची एक मेंबर केव्हाच नोकरी सोडून गेलीय आणि दुसरीला आपण मेंबर आहोत हेच माहीत नाही, ते वेगळं सोडा.

लांब कशाला, आपल्या जिल्ह्यातल्या माणसाचंच घ्या. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, जोडवी काढायची, हे बंद करायचा ठराव मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने केला आणि पाठोपाठ सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना तसं परिपत्रक काढलं. त्याच्या मागे लागलेले प्रमोद झिंजाडे आपल्या करमाळ्याचे. त्यांनी आधी स्वतः स्टँप पेपरवर लिहून दिलं होतं की मी मेल्यावर माझ्या बायकोला हे काही करायला लावायचं नाही. पुरुष असून केलं, मुद्दाम सांगते, स्त्रीवाद म्हणजे पुरुषांच्या विरोधात असं ज्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय त्यांना.

पुतण्यावाल्या काकूंचं दुःख मी खोटं म्हणणार नाही. खोट्या केसेस होतात. सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्येच सांगितलंय की चारशे अठ्ठ्याण्णव दाखल झालं की लगेच अटक करायची नाही, आधी गरज आहे का बघायचं. पण खरं सांगू का, मी माझ्या माहितीतल्या बायका डोळ्यासमोर आणल्या, मार खाऊन गप्प बसलेल्या जास्त आहेत, पोलीस स्टेशनची पायरी चढलेल्या कमी. एका खोट्या केसची गोष्ट दहा भिशीत फिरते. गप्प बसलेलीची फिरत नाही कारण ती सांगतच नाही. एवढंच बोलते त्यावर.

आता भाची. तिच्या पिढीबद्दल नाक मुरडायची आमच्याकडे फॅशन आहे, मी त्यात नाही. या पोरींनी ज्या गोष्टी उघड्यावर आणल्या त्या आम्हाला बोलायला जमल्या नसत्या. पाळीबद्दल बापासमोर बोलतात. लग्नाच्या नवऱ्यालाही नको म्हणता येतं असं म्हणतात. घरातलं सगळं लक्षात ठेवायचं काम, म्हणजे गॅस कधी संपेल, पोराची फी कधी, सासूच्या गोळ्या किती उरल्या, हे पण काम आहे असं मला तिनेच पहिल्यांदा सांगितलं आणि मी थांबलेच दोन मिनिटं. सरकारच्या टाइम यूज सर्व्हेमध्ये, म्हणजे दिवस कशात जातो त्याच्या पाहणीत, २०१९ ला स्वतःच्या घरातल्या बिनपगारी कामात बाईची दिवसाला २९९ मिनिटं जात होती आणि ते करणाऱ्या पुरुषाची ९७. २०२४ ला बाईची २८९ आणि पुरुषाची ८८. म्हणजे बघा की, पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं कमी झाली तर पुरुषाची पण नऊ मिनिटं कमी झाली. मिक्सर आला, वॉशिंग मशीन आलं, नवरा नाही आला.

पण तिचं माझं एका ठिकाणी जमत नाही. तिच्याकडे सगळ्याचं उत्तर एकच, चॉइस. मंगळसूत्र घालते, माझा चॉइस. नाही घालत, माझा चॉइस. आडनाव बदललं चॉइस, नाही बदललं चॉइस, नोकरी सोडून घरी बसले तरी चॉइस. अगं पण चॉइस करायला आधी दोन गोष्टी समोर लागतात ना. आणि तो सगळा वाद चालतो कुठे तर रीलमध्ये, एक बाई बोलते, खाली तीन हजार जण शिव्या देतात, दुसरी बाई त्यावर बोलते. मी बघते, मला पण आवडतात, रात्री अकराला झोप येत नाही तेव्हा तेच बघते. पण त्यात मी कधी कुणाला सातबारा हातात धरून बोलताना बघितलं नाही.

आणि माझ्या डोक्यात सध्या सातबाराच आहे.

वडील गेले त्यानंतर वारसनोंद झाली. मंगळवेढ्याजवळ आमची जमीन, काळी, ज्वारीची, बरीचशी पावसाच्या भरवशावरची. तलाठ्याकडे फेरफार झाला आणि सातबारावर आई, मी, आणि भाऊ, अशी तिघांची नावं लागली. मी कॉलेजात असताना १९९४ ला आपल्या राज्याने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला, पण ज्यांची लग्नं आधी झालेली त्यांना सोडून. मग २००५ च्या सप्टेंबरात केंद्राने सगळ्यांना दिला, आणि त्यातही वडील तेव्हा हयात होते का नव्हते यावर कोर्टात पंधरा वर्षं घोळ चालला तो ऑगस्ट २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने मिटवला. म्हणजे कागदावर आता काही शंकाच नाही. तरी वारसनोंद होऊन थोडे दिवस झाले असतील नसतील तोच भावाचा फोन. "अक्का, एकदा येऊन जा की मंगळवेढ्याला. हक्कसोडचं करून टाकू." म्हणजे माझा हिस्सा मी त्याच्यासाठी सोडला अशी सही.

तो काही वाईट माणूस नाही. हे लिहिताना मला सारखं वाटतंय की वाचणारे त्याला खलनायक करतील. माझ्या बाळंतपणात रात्री दोनला गाडी काढून आलेला भाऊ आहे तो, दर हुरड्याला पोती भरून ज्वारी पाठवतो, आणि आईला सांभाळतो. त्याला यात काही चुकीचं आहे असं वाटतच नाही, तसं बघितलं तर आईलाही वाटत नाही. ती म्हणाली, "तुझं तिकडं सगळं चांगलंय, बंगला आहे, नोकरी आहे. त्याला एकच वावर आहे. कशाला माहेर तोडतीस?" माहेर तुटेल हे वाक्य महाराष्ट्रात ज्या बाईला ऐकवलं गेलं नाही तिने हात वर करावा. कायदा दिल्लीत झाला, पण तो इथे स्वयंपाकघरात येईपर्यंत आई मध्ये उभी असते. भांडायचं कुणाशी?

हक्कसोड पत्र कसं होतं ते ज्यांनी बघितलं नसेल त्यांना सांगते, मी बघितलंय, माझ्या नणंदांच्या वेळेला. दुय्यम निबंधकाच्या ऑफिसबाहेर बाकडी असतात, एका बाकड्यावर भाऊ, वकील, साक्षीदार, आणि दुसऱ्यावर बहिणी, नव्या साडीत. साडी त्या दिवसासाठी घेतलेली असते, बऱ्याचदा इरकल किंवा पैठणी, भावाने घेतलेली आणि निवडलेली वहिनीने, म्हणजे त्या वेळेला मी. दोघींना वेगवेगळा रंग घ्यायचा म्हणून नवी पेठेत तीन दुकानं फिरले होते मी. नंबर आला की आत बोलावतात, वेबकॅमेऱ्यात बघायला सांगतात, अंगठा मशीनवर ठेवायला सांगतात, थोरल्या नणंदेचा अंगठा भांडी घासून घासून इतका गुळगुळीत झालेला की मशीन घेईचना, क्लार्कने ओल्या फडक्याने पुसून परत ठेवायला लावला, दोनदा, तीनदा, मग आला. त्याने न बघताच विचारलं, मजकूर वाचलाय ना, स्वखुशीने देताय ना. ती हो म्हणाली. अशा दस्ताची स्टँप ड्युटी अगदी किरकोळ असते, सरकारने पण ती सोय करून ठेवलीय. नंतर सगळे मिळून जेवायला गेलो, हसतखेळत. कुणी रडलं नाही, कुणी भांडलं नाही. ती बाई चहासुद्धा नवऱ्याला विचारून घेते आणि लाखोंची मिळकत मात्र तिने स्वखुशीने सोडली. भाचीला मी हेच सांगितलं, की बघ, दस्तात पण चॉइसच लिहिलेला असतो.

आणि ती मिळकत म्हणजे कोणती, तर मी आत्ता ज्या घरात बसून हे लिहितेय ते घर.

इथे मला वाटतं चळवळीच्या बोलण्यात काहीतरी सुटतं. आपण कायम बाई विरुद्ध पुरुष असं मांडतो. पण मी मंगळवेढ्यात बहीण आहे आणि सोलापुरात भावजय आहे. तिकडे माझा हिस्सा जातो तो माझ्या भावजयीच्या घरात, आणि इकडे नणंदेचा येतो तो माझ्या. प्रत्येक बाई एका हाताने गमावते आणि दुसऱ्या हाताने नवऱ्याच्या नावावर मिळवते, त्यामुळे ओरडायला कुणालाच पूर्ण कारण मिळत नाही. शिवाय जे मिळतं ते माझ्या नावावर नसतंच. हे घर नवऱ्याच्या नावावर आहे. म्हणजे नणंदेच्या नावावरनं गेलं आणि माझ्या नावावर आलं नाही, ही खरी गंमत. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहिवाटदारांमध्ये बायका जेमतेम चौदा टक्के होत्या, आणि रानात बघितलं तर खुरपायला, काढणीला, मोडणीला वाकलेल्या पाठी कुणाच्या असतात ते तुम्हीच बघा.

हा विषय नवीन आहे असं पण नाही. १९८६ ला चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं होतं, बायका लाखांनी जमल्या होत्या, आणि पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्ती काढली, बायकोच्या नावावर जमीन करून द्या म्हणून, आणि खेड्यातल्या शेतकऱ्यांनी ती करून दिली सुद्धा. शहरातल्या स्त्रीमुक्तीवाल्यांनी तेव्हा त्यांच्याकडे जरा संशयानेच बघितलं असं मला वाटतं, कारण तिथे पितृसत्ता वगैरे भाषा नव्हती. पण सातबारावर बाईचं नाव होतं. माझ्या मते तो गेल्या पन्नास वर्षांतला सगळ्यात पुढचा विचार होता आणि आपण तो तिथेच सोडून दिला.

सोलापुरात तर आणखी एक उदाहरण डोळ्यासमोर आहे. मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात अकाउंट्सला आहे, पीएफची चलनं माझ्याकडे. पॅकिंगला एक मावशी आहेत, तेलुगू, मराठी आमच्यापेक्षा झणझणीत बोलतात. त्या आधी विड्या वळायच्या. त्यांची आई पण, सासू पण. मिल बंद पडल्या तेव्हा शहरातले पुरुष वर्षानुवर्षं घरी बसले, ते सगळ्यांना माहितेय, त्यावर कविता झाल्या, मोर्चे झाले. पण चूल कुणी पेटती ठेवली तर या बायकांच्या सुपाने. सूप मांडीवर, त्यात पानं, तंबाखू, दोरा. पानं भिजवायची, पत्र्याचं माप ठेवून कात्रीने कापायची, चिमूटभर तंबाखू, वळायची, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. मावशींनी एकदा डब्याच्या सुट्टीत कागदाच्या तुकड्यावर करून दाखवली, हाताकडे बघेपर्यंत झाली पण होती. मजुरी हजार विड्यांमागे, आणि कारखान्यात नेल्यावर खराब म्हणून बाजूला काढतील त्याचे पैसे नाहीत. या बायकांना कुणी फेमिनिझम शिकवला नव्हता. लाल बावट्याच्या युनियनमध्ये त्या गेल्या, आडम मास्तरांच्या, म्हणजे माकपच्या नरसय्या आडम यांच्या मागे मोर्च्यात चालल्या, विडी कामगाराचं कार्ड घेतलं, पीएफ मागितला, आणि मग घर मागितलं. कुंभारीला दहा हजार घरांची वसाहत झाली, २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग चाव्या द्यायला आले होते, वसाहतीला नाव गोदूताई परुळेकरांचं, म्हणजे वारली आदिवासींना वेठबिगारीतून बाहेर काढायला ज्या लढल्या त्यांचं. नंतर रे नगरची तीस हजार घरांची योजना आली, त्यातली पंधरा हजार जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान मोदींच्या हस्ते दिली. दोन वेगळ्या टोकाच्या पक्षांचे पंतप्रधान येऊन गेले, मध्ये मागणाऱ्या बायका त्याच.

मावशींचं घर कुंभारीला आहे, त्यांच्या नावावर. नवरा पिऊन यायचा, मारायचा, तेव्हा भाड्याच्या खोलीत होत्या तर त्याच उठून पोरांना घेऊन बहिणीकडे जायच्या. "घर माझ्या नावावर झालं तवापासून तोच जातो बाहेर," म्हणाल्या, आणि खो खो हसल्या. लाडक्या बहिणीच्या पैशाबद्दल पण मी त्यांना विचारलं, मला ते निवडणुकीसाठी वाटलेले पैसे वाटतात, अजूनही वाटतात. त्या म्हणाल्या, "मॅडम, कशासाठी देतो ते त्याला माहीत. माझ्या खात्यात येतात, ह्याच्या नाही." घ्या. माझ्या भिशीतल्या बायका आणि मावशी एकाच पंधराशेबद्दल बोलत होत्या, पण एकीला तो उपकार वाटत होता आणि दुसरीने त्याचा हिशोब लावलेला होता.

म्हणून भाची जेव्हा म्हणते की चळवळ आता आयडेंटिटीकडे, मेंटल हेल्थकडे, रिप्रेझेंटेशनकडे जायला हवी, तेव्हा मी म्हणते जाऊ दे की, नको कोण म्हणतंय. पण घर कुणाच्या नावावर आहे हा प्रश्न मागास वाटायला लागलाय ते मला खटकतं. तुमच्या पुण्यातल्या ऑफिसात महिला दिनाला जांभळ्या फुग्यांखाली लीडरशिपवर भाषण होतं, किती जणींचं फ्लॅटच्या कर्जात नाव आहे आणि इंडेक्स टूवर, म्हणजे खरेदीच्या नोंदणीच्या उताऱ्यावर, नाही, हे कुणी विचारतं का? आणि गंमत बघा, बाईच्या नावावर घर घेतलं तर स्टँप ड्युटीत एक टक्का सूट, हे राज्य सरकारने २०२१ पासून केलं, तर आमच्या ओळखीतले भले भले नवरे एका रात्रीत स्त्रीवादी झाले. एक टक्क्याने जे केलं ते शंभर व्याख्यानांनी झालं नव्हतं. मला यात काही वाईट वाटत नाही. हेतू कसा का असेना, सही तिची लागते.

तर परत भावाकडे. मी आमच्या ओळखीच्या वकील मॅडमना विचारलं. माझ्या डोक्यात एक आयडिया होती, की मला ती जमीन कसायची नाही, विकायची नाही, मला पैसे पण नकोत, तर माझा हिस्सा मी भावजयीला देते. लग्न होऊन आल्यापासून ती त्या रानात राबतेय. ज्वारी काढताना तिचे हात कसे चिरतात ते मी बघितलंय. आईचं सगळं तीच करते, भाऊ सांभाळतो म्हणजे भावजय सांभाळते. आणि सातबारावर तिचं नाव कुठेच नाही. मॅडम म्हणाल्या, ती सहहिस्सेदार नाही, त्यामुळे तिला हक्कसोड होत नाही, बक्षीसपत्र करावं लागेल, खर्च जास्त येईल. म्हणलं येऊ दे.

भावाला फोन केला. म्हणलं, सोडायला तयार आहे, पण तुझ्या नाही, तिच्या नावावर. तो इतका वेळ गप्प होता की मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाला, "तिला कशाला? घरातलंच आहे की सगळं." मी म्हणलं, मग माझ्याच नावावर राहू दे, तेही घरातलंच आहे. तो चिडला. अक्का, तुला ते पुण्याचं वारं लागलंय. आईने त्या दिवशी फोन घेतला नाही.

नवऱ्याला रात्री हे सगळं सांगितलं तर त्याला फार पटलं. भावजयीचं नाव लागायलाच हवं, तुझ्या भावाचे विचार जुने आहेत, असं बरंच काही बोलला, उत्साहात. मग मी हळूच विचारलं की ताईंचं काय, त्यांच्या हिश्श्याचं आपण काही करायचं का आता. तो म्हणाला, "ते झालं की आता. किती वर्षं झाली. त्यांनीच दिलं ना स्वखुशीने." आणि टीव्हीचा आवाज वाढवला. तो विषय मी सोडलेला नाही. थोरल्या नणंदेच्या नातीच्या शिक्षणाचा खर्च निघतोय, तिथून सुरुवात करणार आहे, आणि घराच्या कागदावर माझं नाव लागेल तेव्हा पुढचं बोलू असं त्याला सांगून ठेवलंय.

मग एक दिवस दुपारी, मी चलनं भरत बसले होते, भावजयीचा फोन आला. ती कधी मला फोन करत नाही, केला तरी आईच्या औषधासाठी. हळू आवाजात बोलत होती, बहुतेक रानातनं. म्हणाली, "अक्का, माझ्या नावावर नका करू. घरात लई वाद होतोय, मला राहायचंय इथं." मला वाईट वाटलं, म्हणलं बरं, मग करू का सही? तर म्हणाली, "नाही नाही, सही पण करू नका." आणि मग खरं सांगितलं. हायवे झाल्यापासून कोण एक प्लॉटिंगवाला भावाच्या मागे लागलाय. रस्त्याकडेचा तुकडा द्या, म्हणून. भावावर ट्रॅक्टरचं कर्ज आहे, त्याला मोह पडलाय, म्हणून ही हक्कसोडची घाई. तीन नावांपैकी आईला तो कसंही वळवेल. "तुमचं नाव हाय तवर त्याला एकट्याला अख्खा तुकडा विकता येत नाही," म्हणाली. "पोरांचं शेत हाय ते. तुम्ही तेवढं नाव राहू द्या."

मी आयुष्यात इतकी पुस्तकं वाचली, व्याख्यानं ऐकली, आणि बहिणीचं नाव हे भावजयीचं कुलूप असतं हे मला माझ्या आठवीपर्यंत शिकलेल्या भावजयीने सांगितलं.

भाचीला हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, यावर रील कर. मी म्हणलं तू कर, मी सातबारा पाठवते, फक्त गट नंबर झाक.

सध्या सातबारावर तिघांची नावं आहेत तशीच आहेत. भाऊ बोलत नाही, भाऊबीजेला बघू. पुढच्या भिशीला वकील मॅडमना बोलावलंय, त्या यायला तयार आहेत, फी नको म्हणाल्या, भजी चालतील. "काय राहिलंय मिळवायचं" म्हणणारी बाई पण येणार आहे, तिचा परवा फोन होता, तिच्या वडिलांच्या बार्शीतल्या घराचं काहीतरी आहे म्हणाली. ज्यांना यायचंय त्यांनी सातबारा नाहीतर प्रॉपर्टी कार्डाचा उतारा आणि फेरफारची नक्कल घेऊन या, झेरॉक्स चालेल, आणि कुठे आधीच सही केली असेल तर त्या दस्ताची पण.